विषय: तक्रारीचं तिकीट तुम्ही बंद केलंत, मी नाही

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

ऑर्डर नंबर, बिल, पत्ता सगळं तुमच्याकडे आहे. तुमच्या हेल्पलाइनला सहा वेळा वाचून दाखवलंय. सहावा फोन आत्ताच संपला आणि लगेच हे लिहायला बसलोय. तुमच्या जाहिराती मला मराठीत येतात, तेव्हा तक्रारही मराठीत पोचायला हरकत नसावी.

कॅननची ७०-२०० मिमीची झूम लेन्स, अपर्चर (भिंगाचं तोंड किती उघडतं ते) २.८, दुसरी आवृत्ती, वापरलेली. ५८,५०० रुपये, सगळे आगाऊ. नवी घ्यायला पैसे नव्हते म्हणून वापरलेली घेतली. ओळखीतल्या कुणाकडूनही मिळाली असती, पण तुमच्याकडे म्हणे 'तज्ज्ञांकडून तपासणी' होते. त्या तपासणीचे १,२०० रुपये बिलात वेगळे लावलेत. बॅरलवर ओरखडे आहेत असं तुम्ही लिहिलं होतं, ते मला मान्य होतं. ओरखड्यांनी फोटो बिघडत नाही.

खोका घेऊन आलेला कुरिअरचा पोरगा दारातच म्हणाला, "काका, आत काहीतरी गडगडालंय की ओ." तुमच्या तज्ज्ञांच्या आधी त्याला कळलं.

खोका एवढा मोठा की आमचा मिक्सर भांड्यांसकट त्यात बसला असता. आत दीड किलोची लेन्स (नेमकं सांगायचं तर १,४९० ग्रॅम), तिच्याभोवती बबल रॅपचा एक थर आणि कोपऱ्यात हिंदी पेपरची दोन चुरगाळलेली पानं. लेन्सची पिशवी नाही, थर्माकोल नाही, खोक्यात खोका नाही. उलटा लावलेला हूड (लेन्सच्या तोंडावरचं ऊन अडवणारं कवच) तडकलेला. पुढची कॅप आत दबलेली. ७७ मिमीची फिल्टर रिंग एका जागी, घड्याळात पाच असतात तिथे, चपटी झालेली. फिल्टर दोन आटे बसतो आणि अडकतो. झूम फिरवली की १३५ मिमीच्या पुढे दाताखाली खडा यावा तसं करकरतं.

हे डोळ्यांना दिसणारं झालं. मग गच्चीच्या भिंतीला पेपरचं अख्खं पान चिकटवलं. ट्रायपॉड, कॅमेरा भिंतीला समांतर, लाइव्ह व्ह्यूवर (मागच्या पडद्यावर) मोठं करून हाताने फोकस, आयएस (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) बंद, टायमर. झूम २०० ला, अपर्चर २.८ वर. उजवीकडच्या कॉलममधल्या बारीक जाहिराती 'वधू पाहिजे'पर्यंत स्वच्छ वाचता येतात. डावीकडे शाई पाण्यात पसरल्यासारखी. पानाचा दोष नको म्हणून पान उलटं चिकटवून फोटो परत काढला. तरी मऊ राहिली ती डावी बाजूच. अपर्चर एफ ८ पर्यंत बारीक केलं तरी डावा कोपरा जागेवर येत नाही. या लेन्समध्ये १९ गटांत २३ भिंगं आहेत, त्यातला एखादा गट धक्क्याने किंचित तिरका झाला की असं होतं. हे मी तुम्हाला सांगायला नको, धंदा तुमचा आहे.

पुरावा मागता? तुमच्याच साइटवर याच लेन्सचे आठ फोटो होते. मी ते त्याच दिवशी उतरवून ठेवले. चौथा बघा. सिरीयल नंबर तोच, आणि रिंग गोल आहे, पुरणपोळीसारखी. तुमच्याकडून निघाली तेव्हा गोल, माझ्याकडे आली तेव्हा चपटी. मधल्या प्रवासात ती माझ्या ताब्यात नव्हती. खोका उघडतानाचा व्हिडिओही पाठवला. त्यावर पहिलं उत्तर आलं की व्हिडिओत चार सेकंद लेबल दिसत नाही. त्या चार सेकंदांत मी हातोडा मारला असणार.

आता आजचा फोन, तुमच्या हेल्पलाइनवरच्या बाईंशी. बोलणं हिंदीत झालं, मी मराठीत देतो.

"सर, खोका बाहेरून ठीक आहे ना?"

"हो."

"मग आत काही होऊ शकत नाही, सर."

मी सांगितलं, बाई, लेन्स आत मोकळी होती. खोका पडला तर खोक्याला काय होणार, आत जे गडगडतंय त्यालाच मार बसणार. त्यांनी एक मिनिट होल्ड मागितला. अकरा मिनिटं बासरी ऐकली. परत येऊन म्हणाल्या, "सर, आयएसच्या लेन्समध्ये हलवल्यावर आवाज येतो, ते नॉर्मल आहे." बरोबर आहे! काही लेन्समध्ये बंद असताना आयएसचा गट सैल असतो, थोडं खुळखुळतं. पण आवाजाची तक्रार मी केलेलीच नाही. मी रिंग म्हणत होतो. "रिंग कॉस्मेटिकमध्ये येते, सर. वापरलेल्या वस्तूत एवढं चालतं." आणि डावी बाजू? इथे त्या थोडं थांबल्या आणि आजारी माणसाची विचारपूस करावी तशा आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही स्वतः फोटोग्राफी करता का? कधी कधी हात हलतो."

सतरा वर्षं लग्नं काढतोय. मुंडावळ्यांपासून बिदाईपर्यंत. हात हलला तर अख्खा फोटो हलतो, फक्त डावा तिसरा हिस्सा हलत नाही. आणि कॅमेरा ट्रायपॉडवर होता हे मी पाठवलेल्या मेलच्या दुसऱ्याच ओळीत आहे.

मी गप्प बसलो. मला वाटलं झालं एवढं. तर पुढे: "आणि सर, तुमचं लोकेशन जरा रिमोट आहे. तिकडे जाताना थोडंफार होतं."

सोलापूर. रिमोट. मी पुन्हा विचारलं, काय म्हणालात? त्यांनी पुन्हा सांगितलं, तितक्याच शांतपणे.

अहो, इथे रेल्वे १८६० साली आली. मुंबईहून चेन्नईला जाणारी गाडी इथूनच जाते, पुणे-हैदराबाद रस्ता इथूनच जातो, २०२३ पासून मुंबईची वंदे भारत आहे. इथल्या चादरी आणि टॉवेल समुद्रापलीकडे जातात. तेही राहू दे. माझी मावशी बाळीवेशीतून नागपूरला लेकीकडे शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवते. कडक भाकरी माहीत आहे का तुम्हाला? बोटाने दाबली की मोडते. मावशी वीस भाकऱ्यांची चवड सुती फडक्यात घट्ट बांधते, डब्यात घालते, मधल्या फटीत जुनी ओढणी कोंबते, डबा हलवून कानाशी लावते. आवाज आला तर परत उघडते. भाकरी अख्खी पोचते. मावशी तपासणीचे १,२०० घेत नाही. अकलेपासून रिमोट असलं तर तुमचं गोदाम असेल. (हे वाक्य खोडणार होतो. राहू दे.)

लेन्स मी इथल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेसाठी मागवली होती. संमती कट्ट्यावर सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षता पडतात तेव्हा पुढे सरकायला जागा नसते. नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) आणि पांढऱ्या बाराबंदीतली माणसं लांबूनच घ्यावी लागतात, २०० शिवाय भागत नाही. दुसऱ्याची लेन्स तीन दिवस भाड्याने आणली, दिवसाला १,५०० रुपये. तो खर्च तुम्हाला दाखवला तर तुम्ही ३,००० रुपयांचं 'सदिच्छा कूपन' पाठवलंत, तेही पुढच्या खरेदीवर. म्हणजे मी तुमच्याकडून आणखी एक लेन्स घ्यायची, बबल रॅपच्या एका थरात. पुण्यातल्या दुरुस्तीवाल्याने फोटो बघूनच १९,००० च्या पुढे सांगितलंय, उघडल्यावर वाढेल ते वेगळं.

आणि फोन ठेवल्यावर दोन मिनिटांत मेसेज आला: 'आपली तक्रार सोडवली आहे, तिकीट बंद.' काय सोडवलंत?

पाच वर्षांपूर्वी माझी पहिली ५० एमएम लेन्स तुमच्याकडूनच घेतली होती. तेव्हा खोका लहान होता, लेन्स आत हलत नव्हती, सोबत हाताने लिहिलेली चिठ्ठी होती. मी चार पोरांना तुमचं नाव सांगितलं, त्यातले दोघं आज माझ्यासोबत लग्नांना येतात. आता त्यांना काय सांगू?

मला पूर्ण ५८,५०० रुपये आणि तपासणीचे १,२०० परत हवेत. कूपन नको, 'तुमची गैरसोय समजते' नको. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. ते ४८ तास हे पत्र मिळाल्यापासून मोजतो. नाहीतर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन, मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्याने मी जिथे राहतो तिथेच दावा लावता येतो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तुमच्या वकिलाला या रिमोट गावी यावं लागेल. स्टेशनवर घ्यायला मी येईन.

लेन्स परत न्यायला माणूस पाठवा. या वेळी खोका मावशी बांधणार आहे. व्हिडिओ मी काढेन, सहाही बाजूंनी, लेबल न हलवता.

आपला (अजून तरी) ग्राहक,
सोलापूर