पॉट्सडॅमला होकार कळवलाय

तीर्थरूप आप्पा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेले तीन रविवार फोनवर "अजून काही ठरलं नाही" म्हणत होते, ते खोटं होतं. जर्मनीतल्या पॉट्सडॅमला, साखरेच्या संशोधनाच्या कामासाठी, होकार कधीच कळवलाय, सहीही झाली. दोन वर्षं. जूनमध्ये निघायचं. आखाजीच्या सणाला येईन तेव्हा सांगू म्हटलं होतं, पण आई नुसतं तोंड बघून ओळखते आणि मग मला बोलवत नाही. म्हणून हे पत्र.

आप्पा, तुमचं ठरलेलं वाक्य ऐकू येतंय. साखरच करायची तर कारखान्यात लाग, पोती तरी भरतील! पण एकदा ऐका. वरच्या वावरात एक वर्ष ज्वारी, एक वर्ष कपाशी. ज्वारीचं पीठ आणि कापसाचा धागा, दोन्ही मुख्यतः ग्लुकोज नावाच्या साखरेच्याच माळा. मणी कोणत्या बाजूनं ओवला एवढाच फरक. एकीकडून ओवला तर भाकर, दुसरीकडून ओवला तर तुमचं धोतर. तो हव्या त्याच बाजूनं ओवायचा, यात माझी सहा वर्षं गेली. ग्लुकोजला पाच हात, जवळपास सारखेच. ज्याच्याशी काम तो मोकळा ठेवून बाकीचे झाकायचे, आणि सगळ्यात शेवटी झाकणं काढायची. केळीच्या घडांना तुम्ही झाकायला स्कर्टिंग बॅगा घालता ना, तस्संच. फक्त इथे बॅग काढताना घडच निसटतो कधीकधी. तिसऱ्या वर्षी अकरा महिन्यांचं काम असंच गेलं आणि मी न सांगता घरी आले. तुम्ही काही विचारलं नाहीत. बागेत नेलंत, वाऱ्यानं आडव्या झालेल्या केळी दाखवल्यात आणि म्हणालात, "बुडातली पिलं शाबूत आहेत." दुसऱ्या दिवशी मी पुण्याची गाडी धरली.

पुण्यातल्या कंपनीची नोकरी सोडली याचं तुम्हाला वाईट वाटेल. पगार चांगला होता, मान्य. पण तिथे साखरेचं काम नव्हतं. टीबीच्या जंतूच्या कवचात साखरेच्या माळा विणलेल्या असतात, आणि भाऊबाबांचं शेवटचं वर्ष मी ओसरीवरून पाहिलंय. त्या कवचातली 92 मण्यांची माळ चीनच्या रसायनतज्ज्ञांनी 2017 साली बनवून दाखवली. क्यूबानं 2004 मध्ये लहान मुलांच्या मेंदूज्वरावरची लस आणली, तिच्यातली साखर प्रयोगशाळेत फ्लास्कमध्ये तयार केलेली. म्हणजे हे नुसतं कागदावरचं नाही. एकेक मणी आपोआप जोडणारं यंत्र 2001 साली दाखवणारे रसायनतज्ज्ञ पीटर सीबर्गर पुढे पॉट्सडॅमलाच आले. मला ते यंत्र शिकायचंय. शिकून परत यायचंय, हे दोनदा वाचा.

कर्जाच्या हप्त्याचं दादाशी बोलले, तो चुकणार नाही. आई, खोली उबदार आहे, स्वयंपाकघर आहे, बर्लिनला तूरडाळ मिळते. बामणोदच्या वांग्याची सर तिथल्या काळ्या वांग्याला नाही, तेवढं सोसेन. उपाशी झोपणार नाही, तुझी शपथ. लहानपणी ताप आला की तू कळण्याची भाकर दुधात कुस्करून भरवायचीस, परवा सर्दी झाली तर तीच आठवली. एवढी घोडी झाले तरी.

आता आप्पा, तुमचं. रक्तातल्या साखरेच्या तपासणीआधी दोन दिवस पथ्य करून डॉक्टरांना फसवता, ते मला माहीत आहे. पण एचबीएवनसीची तपासणी फसत नाही. हिमोग्लोबिनला साखर चिकटते आणि लाल पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हणजे तीन महिन्यांचा हिशेब रक्तातच लिहिलेला असतो. मी तीन आठवडे फसवलं, तुम्ही तीन वर्षं. तेव्हा रागवायचं तर बेतानं.

बागेतलं पिकलेलं केळं "एकच" म्हणून खायचं नाही. दुपारी बाराला बांधावर जायचं नाही. पायाला काटा रुतला तर हळद लावून बसू नका, दवाखान्यात दाखवा. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवायला नाही आणलेला. आणि बाराशे फूट बोअर मारायचा विषय मी येईपर्यंत काढू नका, त्या विहिरीच्या वर्षाची मला अजून भीती वाटते.

आखाजीला चार दिवस येते. कडुनिंबाला झोका बांधून ठेवा, हसायचं असेल तर हसा. आणि आई, बिबडे थोडेच कर. सामान 23 किलोच नेता येतं, मी वजन करून बघणार आहे.

तुमची,
बेबी