अण्णा-आई, अर्ज मागे घेतला आहे

तीर्थरूप अण्णा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं होतं. दोन्ही वेळा आईनं आधीच "माळ्याशेजारच्या खोलीला रंग दिलाय रे, तुला आवडतो तसला" असं सांगितलं आणि मला पुढे बोलवेना. म्हणून पत्र लिहितोय. नांदेडचा एक पोरगा उद्या सुट्टीवर निघतोय, तो हे रायपूरला पोस्टात टाकेल.

एकदाच सांगून टाकतो. सीआरपीएफमधल्या स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मी मागे घेतला. तीन महिन्यांच्या नोटिशीची मुदत संपायच्या आत तो परत मागता येतो, तसा मागितला आणि वरून मंजुरीही आली. अजून दोन वर्षं मी इथेच आहे. गणपतीला येणार नाही. दिवाळीची सुट्टी मात्र यादीत पक्की लागली आहे.

आई, आता रडू नकोस. आधी पूर्ण वाच.

मी इथे छत्तीसगडमध्ये, बस्तरला, मजेत आहे, हे खोटं सांगत नाही. पूर्वी सुकमाकडच्या कॅम्पात ताडपत्रीखाली झोपायचो, ते दिवस गेले. बॅरेकला पक्कं छप्पर आहे, पंखा आहे. मच्छरदाणी रोज लावतो, मलेरियाची तपासणी परवाच झाली, काही निघालं नाही. लंगरात आठवड्यातून दोनदा अंडी असतात आणि आमचा केरळचा स्वयंपाकी आता माझ्यासाठी भाकरीसुद्धा थापतो, जाड होते पण होते. तू दिलेलं लोणचं अख्ख्या सेक्शननं नऊ दिवसांत संपवलं. बूट नवे मिळालेत. पायाची ती जुनी जखम पावसातही ठणकत नाही.

पैशासाठी थांबलो, असं कुणाला वाटू देऊ नका. माझी भरती 2003 ची, त्यामुळे जुनी पेन्शन मला आज घरी बसलो तरी मिळाली असती. खरं तर तिथूनच हे सगळं सुरू झालं. माझ्या सेक्शनमधली बाकी सगळी पोरं 1 जानेवारी 2004 नंतरची. त्यांना नवी पेन्शन योजना. एकाच पहाऱ्यावर, एकाच पावसात उभे असतो. माझ्या म्हातारपणाची सोय झालेली, त्यांची नाही. 11 जानेवारी 2023 ला दिल्ली हायकोर्टानं निकाल दिला, की केंद्रीय दलं ही संघराज्याची सशस्त्र दलं आहेत, त्यांना जुनी पेन्शन द्या. त्या रात्री पोरांनी कुठून कोण जाणे जिलबी पैदा केली होती. मग सुप्रीम कोर्टानं स्थगिती दिली. जिलबीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. पण त्यांच्यातल्या एकानंही मला कधी "तुमचं काय, तुमचं बरं आहे" असं ऐकवलं नाही. मीच अर्ज भरला तेव्हा मात्र सगळे दोन दिवस माझ्याशी जरा जपून बोलत होते. पाहुण्याशी बोलतात तसं.

अण्णा, तुम्ही मेमध्ये विचारलं होतं, सुप्रीम कोर्टाचा तो आयपीएसवाला निकाल आला, आता तुमच्याकडे काय हवा आहे? साहेब लोक खूश आहेत. दलातूनच वर आलेल्या अधिकाऱ्यांना वर जागा मिळत नव्हत्या, 23 मे 2025 च्या निकालानं दोन वर्षांत बाहेरून येणारे आयपीएस अधिकारी कमी करायला सांगितलं. बरोबरच झालं. पण आमच्या बॅरेकमध्ये त्या रात्री एकच प्रश्न होता: मग सुट्टी वेळेवर मिळेल का? जवान साहेबाचा केडर बघत नाही हो. बाहेर निघताना तो पुढे चालतो का, आणि सुट्टीचा कागद टेबलावर किती दिवस पडून राहतो, एवढंच बघतो. सैनिक संमेलनात सगळे "कोई तकलीफ नहीं, साहब" म्हणतात. खरं काय ते रात्री जेवणानंतर, भांडी घासताना कळतं.

ते भांडी घासताना ऐकायला कुणीतरी जुनं माणूस लागतं. बावीस वर्षांनी माझ्या हे लक्षात आलं.

मागच्या एका ठिकाणची गोष्ट सांगतो, तुम्हाला तेव्हा सांगितली नव्हती. एका पोराच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला आणि नफरी, म्हणजे माणसं, कमी म्हणून त्याची सुट्टी तीनदा पुढे गेली. साहेब वाईट नव्हते, त्यांच्याकडेही माणसंच नव्हती. पोरगा बोलायचा बंद झाला. एका संध्याकाळी ड्युटीवरून आला आणि रायफल कोतमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या खोलीत, जमा न करता खाटेवर बसून राहिला, भिंतीकडे तोंड करून. मी त्याच्याशी काही बोललो नाही. शेजारी बसलो, बुटाच्या नाड्या सोडल्या, आधी माझ्या, मग त्याच्या. नाडी ओली होऊन गाठ इतकी घट्ट बसली होती की दातांनी सोडवावी लागली. तेवढ्यात त्यानं रायफल आपणहून माझ्या हातात दिली. ती जमा करून आलो आणि पंधरा दिवस माझी खाट त्याच्या खाटेला लावून झोपलो. आई, घाबरू नकोस. त्याला सुट्टी मिळाली, वडील आता काठी घेऊन चालतात, आणि तो पोरगा आज माझ्या सेक्शनला आहे. तोच केरळवाल्याला भाकरी शिकवतो.

तुम्ही पेपरात वाचलंच असेल, 2018 ते 2022 या पाच वर्षांत केंद्रीय दलांमधून पन्नास हजारांवर जवान नोकरी सोडून गेले. अण्णांनी ते कात्रणही जपून ठेवलंय, मला माहीत आहे. त्यातला कुणी भेकड नव्हता. कुणाची आई आजारी, कुणाची मुलं बापाला ओळखेनात. आमच्या दलाला सगळे प्रेमानं "चलते रहो प्यारे" म्हणतात. काश्मीरची बर्फं संपली की निवडणूक, निवडणूक संपली की बस्तर. जाणाऱ्याला मी कधी अडवलं नाही. पण जुने गेले की मधे मोठी पोकळी पडते. वर साहेब, खाली विशीतली पोरं, आणि मधे कुणीच नाही.

इथं निष्ठा हा शब्द गेटवरच लिहिलेला आहे, सेवा और निष्ठा. भरती झालो तेव्हा वाटायचं, ती झेंड्याशी असते, शपथेशी असते. ती असतेच, पण इथे ती रोज वेगळी दिसते. मे महिन्यात बस्तरिया बटालियनची काही पोरं आमच्या कॅम्पात होती. 2018 पासून ही बटालियन कामावर आहे, बहुतेक इथलीच मुलं-मुली, गोंडी बोलणारी. एका रात्री नदीपलीकडून ढोल ऐकू यायला लागले. बीज पंडुम होता, पेरणीआधीचा सण. माझ्याबरोबर संत्रीच्या पहाऱ्यावर असलेला पोरगा एकदम ताठ झाला. मला वाटलं काही हालचाल दिसली. तर म्हणाला, "दादा, ये हमारे गाँव का ढोल है." त्याचं घर तिथून तीन किलोमीटर. भरती झाल्यापासून तो त्या घरी गेलेला नाही, जाऊ शकत नाही. आई त्याला बाजारच्या दिवशी दोरनापालला येऊन भेटते. चुलतभाऊ आतवाल्यांच्यात, म्हणजे नक्षलवाद्यांत आहे. ढोल कोण वाजवतंय ते तो आवाजावरून ओळखत होता. दोन तास तो तसाच उभा होता, बोट ट्रिगर गार्डवर, आणि अंगठ्यानं रायफलच्या लाकडावर ताल धरलेला. पहाटे ढोल थांबले तेव्हा म्हणाला, आता जेवायला बसले असतील.

त्याला कुणी विचारावं, तुझी निष्ठा कुठे? मला तर विचारायचं धाडस झालं नाही. मी फक्त त्याची पहाटेची ड्युटीही माझ्याकडे घेतली.

तेव्हापासून अण्णा, तुमचीच आठवण येते. तुम्ही मुंबई पोलिसांच्या 1982 च्या बंडाबद्दल घरात कधी बोलला नाहीत. जे कळलं ते आईकडून, तेही तुकड्यातुकड्यानं. पंधरा ऑगस्टला बाहीवर काळी फीत लावून तुम्ही गेलात, अठराला संघटना मोडली, मुंबईत लष्कर उतरलं, आणि मी तेव्हा सव्वा महिन्याचा, नायगावच्या खोलीत आईच्या कुशीत. शेजारचे काका घरी बसले ते कायमचे. तुम्ही परत कामावर गेलात. लहानपणी मला वाटायचं तुम्ही घाबरलात. मोठेपणी वाटायचं, काकांचं तुम्हाला काहीच वाटलं नाही. पण दर महिन्याच्या पगाराला तुम्ही त्यांच्या दारात जाऊन काय ठेवून येत होता, ते मला त्यांच्या दहाव्याला काकूंनी सांगितलं. फीत लावणाराही तुम्हीच आणि दुसऱ्या दिवशी गणवेश घालणाराही तुम्हीच. इथं बावीस वर्षं काढल्यावर मला त्यात फट दिसत नाही.

आणि मला इकडे धाडलं कुणी? 21 ऑक्टोबरला नायगावच्या हुतात्मा मैदानात खांद्यावर बसवून तुम्हीच सांगितलंत ना, की 1959 मध्ये लडाखला हॉट स्प्रिंग्जपाशी चिन्यांशी लढताना गेलेले ते दहा जण सैन्याचे नव्हते, सीआरपीएफचे होते. मी तुमचे केस मुठीत धरले होते. तुमच्या टोपीचा आणि नारळाच्या तेलाचा मिळून एक वास यायचा. परेड संपली तरी मला उतरायचं नव्हतं.

आई, पुलवामाच्या वेळी दोन दिवस तू जेवली नव्हतीस, मी जम्मूतच आहे हे कळूनसुद्धा. ते मी विसरलेलो नाही. 14 फेब्रुवारी आली की पहिला फोन तुलाच करतो, तो त्यासाठीच. आता इथली परिस्थिती तेव्हासारखी नाही. सरकारनं नक्षलवाद संपवायला 31 मार्च 2026 ची मुदत घातली, रस्ते झालेत, सुरुंग शोधत रस्ता उघडायला निघतो तेव्हा पुढे यंत्र असतं, कुत्रा असतो. मी पुढे चालत नाही, मी सेक्शन सांभाळतो. ही पोरं इथून नीट बाहेर पडली, नव्या ठिकाणी बसली, की मग मी येतो. तुझ्या गुडघ्यांच्या ऑपरेशनला मी हजर असणार, शब्द देतो. डॉक्टरांकडून डिसेंबरची तारीख घे, दिवाळीनंतर त्यासाठी वेगळी सुट्टी टाकतो. आणि कमोडचं काम थांबवू नका, गवंड्याला पैसे मी पाठवलेत.

आता जरा माझं ऐका. अण्णा, सकाळची साखरेची गोळी नाश्त्याआधी घ्यायची, चहाबरोबर नाही. कोयनेकडचा तो पाऊस बघून पत्र्यावर चढायचं नाही म्हणजे नाही. ताडपत्री सरकली तर शेजारच्या पोराला हाक मारा, त्याला दोनशे रुपये द्या. मोटारसायकलची किल्ली सूनबाईकडे देऊन टाका, ती गौरीला येईल तेव्हा. पाटणला जायचं तर एसटी आहे. पायाला जखम झाली तर हळद लावून बसू नका, त्याच दिवशी दाखवा. आई, तू उपास कमी कर. श्रावणात सोमवार धर, शनिवार सोडला तरी चालेल, देव काही म्हणत नाही. मुलांना तळेगावच्या क्वार्टरमधून गणपतीला पाठवतोय, धाकटीला मोदक वळायला शिकव, ती हट्ट करून बसलीय.

मला रागवायचं असेल तर रागवा. अण्णा दोन दिवस बोलणार नाहीत, ते मी धरूनच चाललोय. पण तिसऱ्या दिवशी फोन उचला. रविवारी संध्याकाळी सात ते आठ टेकडीवर रेंज येते, मी तिथे असतो.

आणि आई, खोलीला नेमका कुठला रंग दिलायस, ते सांगितलंच नाहीस. रविवारी सांग.

तुमचा,
बाळू