रस्त्याकडेच्या इतिहास-फलकांसाठी वाईकरांना आवाहन

समस्त वाईकर बंधू-भगिनी, तसेच नोकरीधंद्यानिमित्त पुण्या-मुंबईत आणि परदेशात स्थायिक झालेले आपले सर्व वाईकर यांस,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

पावसाळा तोंडावर आला आहे आणि नव्या फलकांसाठी पाया खणायचे काम मृगाच्या आत उरकायला हवे, म्हणून कार्यकारिणीच्या बैठकीची वाट न पाहता अध्यक्षांच्या तोंडी परवानगीने हे पत्र काढत आहे.

मेणवलीकडे वळताना डाव्या हाताला आपल्या मंडळाचा फलक आहे. आहे म्हणजे खांब आहे आणि पत्रा आहे. तांबडी अक्षरे उन्हाने पार उडाली, काळी तेवढी तग धरून राहिली. ‘नाना’ एवढे वाचता येते, पुढे खिळ्याभोवती गंज धरून रुपयाएवढे भोक पडले आहे, आणि ‘फडणवीस’ होते तिथे शिकवणी वर्गाची जाहिरात चिकटवलेली आहे. दहावीचा शंभर टक्के निकाल. त्या फलकाखाली गाड्या थांबतात, लोक खाली उतरतात, फलकाकडे बघतात आणि चहाच्या टपरीवर रस्ता विचारतात.

मग त्यांना सांगणारे सांगतात काय? मेणवलीच्या घाटावरची घंटा नानांनी खास ओतवून घेतली, असे एका पाहुण्यांना छातीठोकपणे सांगितलेले आम्ही उभ्या उभ्या ऐकले. अहो, त्या घंटेवर मेरी आणि बाळ येशूची आकृती आहे! १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली, तिथल्या पोर्तुगीजांची ती घंटा. ढोल्या गणपतीचे देऊळही बरेच जण नानांच्याच खात्यावर टाकतात. ते १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. त्याच्या आधी १७५७ मध्ये आनंदराव रास्त्यांनी काशीविश्वेश्वर उभारला. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई याच रास्ते घराण्यातल्या. गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती का, हे किती जणांना ठाऊक आहे? कृष्णेला पूर आला की पाणी त्या टोकावर फुटावे आणि दोन्ही अंगांनी निघून जावे, म्हणून. दर पावसाळ्यात पाणी बघायला आपण सगळे पुलावर उभे असतो, पण पोराबाळांना हे कुणी सांगत नाही. नेटवर सगळे मिळते म्हणणाऱ्यांना एवढेच सांगणे की, नेटवर शोधायलाही आधी इथे शोधण्यासारखे काही आहे हे कळावे लागते. महाबळेश्वरला निघालेला माणूस सुरूरहून वळतो आणि पसरणीचा घाट चढू लागतो, मधे वाई येऊन गेलेली त्याला कळतही नाही.

हे फलक पहिल्यांदा लागले तेव्हाची मंडळी आठवली की आजही भरून येते. आपले चित्रकलेचे सर निवृत्तीनंतर सगळी अक्षरे हाताने लिहीत असत. मे महिन्यात, छत्री खांबाला बांधून, तोंडात विडा. ‘कृष्णा’ मधला ‘ष्ण’ त्यांच्यासारखा आजवर कुणाला साधला नाही. एनॅमलच्या डब्यांचे पैसेसुद्धा त्यांनी घेतले नाहीत. “मला घाटावर बसायला दिलंत, तेवढं पुरे,” म्हणायचे. सर आता नाहीत. त्यांचे ब्रश वहिनींनी जपून ठेवले होते, ते यंदा मंडळाकडे आणून दिले.

मजकूर तपासायला विश्वकोशातून निवृत्त झालेले एक संपादक लाभले. नाव छापले तर पुन्हा पाऊल टाकणार नाही अशी धमकी असल्याने छापत नाही, आपण ओळखालच. आम्ही कौतुकाने लिहून नेलेल्या भल्या मोठ्या परिच्छेदाच्या त्यांनी चार ओळी केल्या आणि वर म्हणाले, “रस्त्यावरचा माणूस उभा आहे, बसलेला नाही.” शके लिहावे की इसवी सन, यावरून बैठकीत जी खडाजंगी झाली तीही त्यांनीच मिटवली. दोन्ही घालायचे ठरले.

बोरिवलीला दिलेल्या आपल्या गावच्या एका लेकीने वडिलांच्या स्मरणार्थ गणपतीजवळच्या फलकाचा सगळा खर्च उचलला आणि कोपऱ्यात नाव घालू का विचारले तर नको म्हणाली. ट्रकने धर्मपुरीतला खांब वाकवला, तेव्हा रिक्षावाल्या मुलांनी सवाऱ्या सोडून तो सरळ केला. शाळेतली मुले रविवारी ओल्या फडक्याने फलक पुसायला यायची. त्यातली काही आज चांगल्या हुद्द्यावर आहेत. त्यांनी हे पत्र दोनदा वाचावे, ही विनंती.

आता थोडे बोचरे लिहितो, राग नसावा. मागच्या खेपेस असेच आवाहन आम्ही आळीआळीत फिरून वाटले. त्यातल्या बऱ्याच प्रती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाटावर भेळेखाली दिसल्या. ज्या कार्यालयांत अर्ज दिले तिथून पोच मिळाली, पुढे काही नाही. कृष्णाबाईच्या उत्सवाला हात आखडता न घेणारे गाव हे, त्याबद्दल अभिमानच आहे आणि मांडवाशी आमची स्पर्धा नाही. पण ज्या घाटावर तो मांडव पडतो त्या घाटाचे नाव सांगणारा साधा दगड तिथे नसावा?

देणगी मागायला संकोच वाटला की आम्ही विनोबांची गोष्ट आठवतो. १९१७ साली ते इथे नारायणशास्त्री मराठ्यांकडे, त्यांच्या प्राज्ञ पाठशाळेत शिकायला होते. मुलांसाठी वाचनालय काढले, त्याला पैसा हवा. मग त्यांनी विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन लोकांचे दळण दळून द्यायला सुरुवात केली. दोन शेरांना एक पैसा. गावाने वेड्यात काढले, पण पुस्तके चारशेपर्यंत गेली. प्राज्ञ पाठशाळेच्या फलकावर हा मजकूर येणार आहे. त्याच्या शेजारी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना १९५५ साली मिळालेला मराठीतला पहिला साहित्य अकादमी पुरस्कार, आणि मराठी विश्वकोशाचे काम वाईत बसून कसे झाले ते. गावाच्या तोंडाशी अफजलखानाच्या छावणीचाही फलक असावा, अशी मागणी तरुण मंडळींनी लावून धरली आहे. १६५९ साली प्रतापगडाकडे निघण्यापूर्वी खानाचा तळ वाईतच पडला होता, तेव्हा मागणी रास्त आहे. पण तो पुढच्या टप्प्यात.

कामाचे स्वरूप असे: पत्र्याऐवजी काळ्या दगडात कोरलेले ११ फलक. त्यांत सात घाट (गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड आळी), शिवाय ढोल्या गणपती, काशीविश्वेश्वर, प्राज्ञ पाठशाळा व मेणवली रस्ता. घडाई, अक्षरे, पाया, वाहतूक धरून प्रत्येकी २२,००० रु., एकूण २,४२,००० रु. हाती ६१,००० रु., कमी १,८१,००० रु. पाथरवटाने दर जुनाच धरला आहे, मात्र निम्मी रक्कम आगाऊ हवी. रस्त्याकडेला बसवण्याची ना-हरकत मिळाली आहे. पूर्ण फलकाचा खर्च देणाऱ्याचे नाव मागच्या बाजूला एका ओळीत कोरले जाईल, पुढे नाही, आग्रह धरू नये. १०० रुपयेही चालतील. रोख, धनादेश वा क्यूआर कोडने द्यावेत. कोड व खाते क्रमांक मंडळाच्या दारावर लावला आहे, बाहेरगावच्यांना कळवल्यास पाठवू. पावती लगेच मिळेल, ८०जी प्रमाणपत्राचे नूतनीकरण बाकी असल्याने करसवलत यंदा मिळणार नाही. कार्यालय सायं. ६ ते ८, सोमवार बंद. पैसे जमत नसतील त्यांनी श्रमदानाला यावे. पाया खणायला पहारी आहेत, माणसे नाहीत. छोटा टेम्पो दोन दिवस कुणी दिला तर वाहतुकीचा खर्च वाचेल. जुनी छायाचित्रे, विशेषतः घाटांची, कुणाकडे असल्यास पाहायला द्यावीत, त्याच दिवशी परत करू.

मागे ज्यांनी दिले त्यांच्याकडे पुन्हा मागायला जीभ रेटत नाही. म्हणून या वेळी, ज्यांच्या घरी आम्ही चहा पुष्कळ प्यायलो पण पावती कधी फाडली नाही, त्यांच्यापासून फेरी सुरू करणार आहोत. येत्या रविवारी सकाळी नऊ वाजता मधल्या आळीतून निघू. घरी असावे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला नम्र,
चिटणीस
(कार्यकारी मंडळाच्या वतीने)

ता. क. : मंडळाची लोखंडी शिडी उत्सवाच्या वेळी रोषणाईसाठी कुणी तरी नेली आहे. जुने पत्रे उतरवायला ती लागणार आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी शनिवारपर्यंत कार्यालयात आणून ठेवावी, काही विचारणार नाही.