फोटोची स्पर्धा नको, फोटोवर बैठक हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदुरात हल्ली वस्तीवरच्या फोटोंच्या स्पर्धा बऱ्याच लागतात. तीन बक्षिसे, प्रमाणपत्रे, सभागृहात दोन दिवसांचे प्रदर्शन. हेतू चांगलाच असतो. पण अशा कार्यक्रमाला ‘लोकसहभाग’ हे नाव देऊन त्यावर निधी मागितला जातो, तेव्हा सहभागी छायाचित्रणाचे, म्हणजे वस्तीतल्या लोकांनीच फोटो काढून त्यांवर एकत्र बोलण्याचे, काम करणारा एक लहान सामाजिक उद्यम म्हणून आम्हाला लिहिणे भाग आहे. या कामात फोटो काढणे हा सर्वांत छोटा भाग असतो. काम खरे सुरू होते ते फोटो टेबलावर मांडल्यानंतर.

पेरू देशातल्या लिमा शहरात १९७३ साली एका साक्षरता मोहिमेत लोकांच्या हाती कॅमेरे दिले होते. प्रश्न विचारायचा आणि उत्तर फोटोने द्यायचे, अशी रीत. ‘शोषण म्हणजे काय?’ या प्रश्नावर एका मुलाने भिंतीतल्या खिळ्याचा फोटो आणला. मोठ्यांना काही उमगेना, बाकीच्या मुलांना मात्र लगेच कळले. तिथली बूटपॉलिश करणारी मुले लांब राहायची. जड पेटी रोज घरी नेणे जमत नसे, म्हणून शहरातल्या दुकानाच्या भिंतीवरचा खिळा ती भाड्याने घेत आणि रात्री पेटी त्यावर टांगून जात. ब्राझीलचे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेअरे यांच्या शिक्षणविचारावर उभ्या असलेल्या त्या मोहिमेची ही हकीकत नाट्यकर्मी ऑगस्टो बोआल यांनी नोंदवून ठेवली आहे. आपल्याकडच्या स्पर्धेत तो खिळा पहिल्याच फेरीत बाद झाला असता.

पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कॅरोलिन वांग आणि मेरी ॲन बरिस या अभ्यासकांनी चीनच्या युन्नान प्रांतात ग्रामीण स्त्रियांबरोबर काम करताना या पद्धतीला शिस्तशीर रूप दिले. ‘फोटोव्हॉइस’ हे तिचे नाव. त्यात प्रत्येक निवडलेल्या फोटोवर पाच प्रश्न विचारतात: यात काय दिसते? खरोखर काय चालले आहे? आपल्या जगण्याशी याचा संबंध काय? हे असे का आहे? यावर काय करता येईल?

आपल्या शहरातले उदाहरण घेऊ. नर्मदेचे पाणी इथे अनेक भागांत एक दिवसाआड येते. समजा, नळापाशी लावलेल्या बालट्या आणि डब्यांच्या रांगेचा फोटो आला. पहिल्या प्रश्नावर गट म्हणतो, ‘बालट्या.’ दुसऱ्यावर म्हणतो, ‘पाणी कमी येते.’ तिसऱ्याला कुणीतरी सांगते की रांगेतली तिसरी बालटी ज्या मुलीची आहे, तिची त्या दिवशी शाळा बुडते. चौथ्या प्रश्नावर गट नेहमी अडकतो. ‘लोकच वाया घालवतात,’ असे म्हणून शेजाऱ्यावर ढकलणे सोपे असते, आणि बैठक चालवणारा संचालक घाईत असला तर तिथेच ती संपवतो. थोडे थांबले, तर वेगळीच गोष्ट पुढे येते. ज्यांच्या घरात हौद आणि मोटर आहे, त्यांना पाणी केव्हाही आले तरी चालते. ज्यांच्याकडे साठवायला काही नाही, त्यांना वेळ सांभाळत नळाशी उभे राहावे लागते. मग मागणी ‘जास्त पाणी द्या’ इतकी ढोबळ राहत नाही. ‘वेळ ठरवा आणि पाळा’ अशी नेमकी होते. ती घेऊन वॉर्डात जाता येते. पाचव्या प्रश्नाचे उत्तर इतके नेमके आले, तरच बैठक झाली म्हणायची.

त्यासाठी गट आठ ते दहा जणांचाच हवा. वीस जण झाले की चार बोलतात आणि सोळा ऐकतात. आठवड्याला एक, दोन तासांची, अशा सहा बैठका किमान लागतात. पहिल्या बैठकीत कॅमेऱ्याला हात लावायचा नाही. कुणाचा फोटो काढायचा, कुणाचा नाही आणि विचारायचे कसे, एवढेच बोलायचे. विषय लहान द्यावा. ‘विकास’ दिला की सगळे गटाराचे फोटो काढून आणतात, कारण आयोजकांना तेच हवे असेल असे त्यांना वाटते. इंदुरात याच्या उलटही होते: शहराच्या स्वच्छतेच्या नावाला बट्टा नको म्हणून लोक नेमकी तीच जागा टाळतात. ‘पहाटे पाच ते सात घरात काय चालते’ किंवा ‘इथले काय हरवू नये’ असा विषय दिला की फोटो खरे येतात. आठवड्याला प्रत्येकी चोवीस फोटोंची मर्यादा ठेवावी आणि त्यांतले तीन काढणाऱ्यानेच निवडावेत. मर्यादा नसली तर तीनशे फोटो येतात आणि निवडायचे काम संचालकाच्या गळ्यात पडते. तिथे सहभाग संपतो.

बायकांचा गट असेल तर बैठक दुपारी दोन ते चार ठेवावी आणि फोनवर विसंबू नये. घरातला चांगला फोन बहुधा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या खिशात असतो. दोन-तीन साधे डिजिटल कॅमेरे पाळीपाळीने फिरवणे जास्त उपयोगी पडते. प्रत्येकीचे मेमरी कार्ड वेगळे असावे आणि त्यावर खूण असावी, नाहीतर कोणता फोटो कुणाचा यावरून पुढे भांडणे होतात.

फोनने काढायचे असेल तर आधी लेन्स सुती कापडाने पुसावी. फोटो धूसर येण्याचे कारण पुष्कळदा बोटांचे तेलच असते. चेहरा उजळवणारे फिल्टर बंद करावेत. झूम न करता दोन पावले पुढे जावे. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की त्याची लांब बाजू साधारण सोळाशे पिक्सेलवर येते. छपाईला इंचामागे तीनशे पिक्सेल धरले, तर तेवढ्यात जेमतेम सव्वापाच इंच भरतात. बारा बाय अठरा इंचांवर छापला तर तो धूसर होतो, त्याचे ठिपके दिसतात. म्हणून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगतात. त्यात एक धोका आहे, तो फारसा कुणी सांगत नाही: डॉक्युमेंटबरोबर फोटो काढल्याच्या जागेची नोंदही जाते. घर सोडून आलेल्या बाईच्या खोलीचा पत्ता अशा फायलीतून बाहेर पडू शकतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमधले लोकेशन पहिल्याच दिवशी बंद करावे.

चर्चेला चार बाय सहा इंचांचे छापील फोटो हवेत, तेही मॅट. चकचकीत कागदावर ट्यूबलाइट चमकते आणि पडद्यावर दाखवले तर लोक गप्प बसून बघतात. हातात आलेला फोटो मात्र फिरतो, उलटतो, दुसऱ्याशेजारी ठेवला जातो. फोटोखालच्या ओळी फोटो काढणाऱ्याच्याच शब्दांत लिहाव्यात. लिहिता येत नसेल तर रेकॉर्ड करून उतरवून घ्याव्यात आणि वाचून दाखवाव्यात. इथली मराठी हिंदी-माळवीत भिजलेली आहे. तिला पुणेरी इस्त्री करून फलकावर लावली की बोलणाऱ्याला ती आपली वाटत नाही. ‘हमारे यहाँ’ने सुरू होऊन मराठीत संपणारे वाक्य तसेच राहू द्यावे.

प्रदर्शन वस्तीतच, बगिच्यात किंवा शाळेच्या पडवीत लावावे. फोटो चिकटवायचा पाच मिलिमीटरचा सनबोर्ड (हलका फोमचा फलक) सावलीत ठीक राहतो, उन्हात वाकतो. पावसाळ्यात दोन्ही बाजूंनी चिकटणारा टेप सुटतो, तेव्हा भोके पाडून सुतळीने बांधलेले बरे. मुलेही बघणार असतील तर फोटोचा मध्य जमिनीपासून चार फुटांवर असावा.

संमतीबद्दल कडक राहावे लागते. काढणाऱ्याची संमती वेगळी, फोटोत दिसणाऱ्याची वेगळी. गटात दाखवणे, वस्तीत लावणे आणि इंटरनेटवर टाकणे या तीन गोष्टींसाठी ती तीनदा विचारावी. पहिल्या दिवशी एका कागदावर घेतलेली सही पुरत नाही, कारण तेव्हा फोटोच काढलेला नसतो. अरुंद गल्लीचा, वाढवलेल्या ओट्याचा फोटो उद्या अतिक्रमणाच्या फायलीत लागू शकतो, हे आधी सांगायला हवे. बाल न्याय कायदा २०१५च्या कलम ७४ने संरक्षण आणि देखभालीची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करण्यास मनाई आहे. हात, चपला, सावली, पाठ यांचे फोटोही पुष्कळ सांगतात.

मालकीही स्पष्ट असावी. कॉपीराइट कायदा १९५७नुसार फोटोचा पहिला मालक तो काढणारा असतो, पण कुणी मोबदला देऊन काढवून घेतला आणि वेगळा करार नसला तर मालकी पैसे देणाऱ्याकडे जाते. त्यामुळे मानधन देणाऱ्या संस्थेने हक्क काढणाऱ्याकडेच राहतील असे लिहून द्यावे. वार्षिक अहवालात फोटो हवा असेल तर वेगळी संमती आणि वेगळे पैसे.

याच शहरात सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी करताना १८७४च्या सुमारास लाला दीनदयाळ यांनी कॅमेरा हाती घेतला आणि राजवाडे, दरबार, इमारती टिपल्या. दीडशे वर्षांत इंदुरात कॅमेरा घरोघरी पोहोचला, पण कोणता फोटो बोलका हे अजून बाहेरून आलेला परीक्षकच ठरवतो. निधी देणाऱ्यांना विनंती आहे की अंदाजपत्रकात कॅमेऱ्यांच्या आधी बैठकांचे तास, संचालकाचे मानधन आणि छपाई धरावी. कॅमेऱ्यांची पेटी देऊन सहा बैठकांचे पैसे कापले की पेटी कपाटात जाते.

आणि एक विनंती आपल्याला. वस्तीतल्या लोकांचे असे फोटो आपल्या अंकात छापताना त्यांच्या ओळी जागेअभावी गाळू नयेत, फोटो कापण्याआधी काढणाऱ्याला एक फोन करावा आणि त्याची किंवा तिची इच्छा असेल तर नाव फोटोखालीच द्यावे.

आपले,
सहभागी छायाचित्रणाचे काम करणारा एक गट, इंदूर