दचकून जागं झाल्यावर

सातारा

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

काल तुझा फोन झाला तेव्हापासून डोक्यात तुझाच विचार आहे. रोज तेच स्वप्न: गेलेले अण्णा काचेच्या दारामागून हाका मारतायत, तू धावतोयस, पण पाय जागचे हलत नाहीत, ओरडावं तर आवाज फुटत नाही. मग दरदरून घाम, छातीत धडधड, आणि उजाडेपर्यंत मोबाइल घेऊन बसून राहायचं. त्यात मावशींनी ‘पहाटेचं स्वप्न खरं होतं’ म्हटल्यामुळे वहिनीही धास्तावल्यात. फोनवर हे सगळं शांतपणे बोलता येत नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी त्या पहाटेचं. झोप साधारण दीड-दीड तासाच्या फेऱ्यांनी येते. त्यातला एक टप्पा स्वप्नांचा असतो, ज्यात बंद पापण्यांआड बुबुळं भराभर हलत असतात. रात्र सरेल तसा हा टप्पा लांबत जातो. त्यामुळे सगळ्यांत लांबलचक, ठसठशीत स्वप्नं पहाटेकडे पडतात, आणि लगेच जाग आल्यानं लक्षातही राहतात. पहाटेच्या स्वप्नाचा एवढा बोलबाला आहे तो मला वाटतं यामुळेच. त्याच टप्प्यात हातापायांचे स्नायू शरीर स्वतःच ढिले सोडतं, नाहीतर आपण झोपेत उठून पळालो असतो. तुझे पाय हलत नाहीत ते कदाचित म्हणूनच. आपण अण्णांपर्यंत पोचलो नाही, असा अर्थ त्यातून काढू नकोस. शेवटचे दिवस तू दवाखान्यात त्यांच्या उशाशी होतास, मी पाहिलंय.

आता आमच्या घरची रीत. आजी होती तोवर ती करायची, मग आई, आता मी करतो. आमच्या वाड्यात मूल रात्री किंचाळून उठलं की आजी ‘काय दिसलं रे?’ असं कधीच विचारत नसे. मोठा दिवा लावत नसे. मुलाला उठवून मोरीवर न्यायची, पाय धुवायची, तोंडावर गार पाणी मारायची, चूळ भरायला लावायची आणि आपल्या पदरानं पुसायची. दोन घोट पाणी पाजलं की कपाळाला अंगारा. मग मांडीवर घेऊन रामरक्षा सुरू, पण सबंध नाही. ‘शिरो मे राघवः पातु’पासून ‘पातु रामोऽखिलं वपुः’पर्यंत, चौथ्या श्लोकापासून नवव्यापर्यंत.

हे सहा श्लोक तुलाही पाठ होते. दिवेलागणीला तुमच्याकडेही म्हणायचे. ते आजी ज्या तऱ्हेनं म्हणायची, ती सांगण्यासाठी खरं तर हे पत्र आहे. ज्या अवयवाचं नाव येईल तिथं ती तळहात टेकवायची. शिर, भाळ, डोळे, कान, नाक, मुख. जीभ आली की कंठाकडे हात. मग खांदे, दंड, हात. ‘हृदयं जामदग्न्यजित्’ला हात छातीवर बराच वेळ थांबायचा, धडधड उतरल्याचं तिच्या हाताला कळेपर्यंत. मग पोट, नाभी, कंबर, मांड्या, ‘जानुनी सेतुकृत् पातु’ला गुडघे, पोटऱ्या, आणि शेवटी ‘पादौ बिभीषणश्रीदः’ला दोन्ही पावलं मुठीत घट्ट धरायची. ती पकड मला अजून आठवते.

मोठेपणी मी हे स्वतःसाठी करू लागलो तेव्हा त्यातलं मर्म कळलं. घाबरलेलं मन त्या स्वप्नाच्या जागीच अडकून राहतं. त्याला ‘ते खोटं होतं’ असं कितीही बजावलं तरी पटत नाही. हात मात्र खरा असतो, कपाळ खरं असतं. डोक्यापासून पावलांपर्यंत एकेक जागा हातानं मोजत आलं की माणूस आपल्या अंगात परत येतो. श्लोकाचा प्रत्येक चरण आठ अक्षरांचा, त्यामुळे श्वासही आपसूक लयीत पडतो. तुझे पाय स्वप्नात हलत नाहीत ना, म्हणून तू पावलांपाशी जास्त थांब. ती जमिनीवर टेकव, बोटं हलवून बघ.

आणखी एक गोष्ट, जी आठवली की मला फार बरं वाटतं. शंकरांनी रामरक्षा बुधकौशिक ऋषींना स्वप्नात सांगितली आणि सकाळी जागं झाल्यावर त्यांनी ती तशीच लिहून काढली, असं पंधराव्या श्लोकात आहे. ज्या वाटेनं तुला रोज भीती येते, त्याच वाटेनं हे रक्षणही आलेलं आहे.

माणूस किती जुन्या काळापासून या स्वप्नांपायी हैराण आहे बघ. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलात, ८२ व्या सूक्तात, सवित्याला, म्हणजे सूर्यदेवाला, विनवणी आहे की आमचं दुःस्वप्न दूर लोटून दे. भागवताच्या आठव्या स्कंधातला गजेंद्रमोक्ष पहाटे उठून म्हणावा, त्यानं दुःस्वप्नं शमतात, असं तिथंच सांगितलंय. हत्तीचा पाय मगरीच्या जबड्यात, सुटका होत नाही, हाक मारल्याशिवाय इलाज नाही. तुझंच स्वप्न आहे ते, मित्रा, फक्त त्यात हाक ऐकली जाते. झोपण्याआधी आई राम, स्कंद, हनुमान, गरुड आणि भीम ही पाच नावं असलेला श्लोक म्हणायला लावायची, तोही शयनाच्या वेळी दुःस्वप्न टाळण्यासाठीच.

तू म्हणशील, माझा देवावर तेवढा विश्वास नाही. माझा आहे, आणि तो तुझ्यासाठी मी धरून ठेवीन. तुला श्लोक नको वाटले तर नुसती अवयवांची नावं मराठीत घे. पण पाणी, हात आणि तो क्रम सोडू नकोस. मोबाइल मात्र अजिबात उघडू नकोस. स्वप्नाचा अर्थ रात्री शोधायचा नाही, हा आजीचा कायदा होता आणि मला तो शंभर टक्के पटतो.

अर्थ दिवसा बघू. चांगल्या उजेडात, चहा झाल्यावर, वहीत ते स्वप्न लिही आणि शेवट तुला हवा तसा बदल. दार उघडतं, अण्णा बाहेर येतात, ‘चल, घरी जाऊ’ म्हणतात. बदललेलं स्वप्न रोज थोडा वेळ मनात घोळव. मानसोपचारात वारंवार येणाऱ्या भयस्वप्नांसाठी हा उपाय खरोखर करून घेतात. तुझ्या रक्तदाबाच्या गोळीबद्दलही डॉक्टरांना विचार, कारण त्यातल्या बीटा ब्लॉकर गटातल्या काही औषधांनी अशी स्वप्नं पडू शकतात. मनानं गोळी बंद करू नकोस. आणि एवढं करूनही आठवडेच्या आठवडे झोप मोडत राहिली, तर १४४१६ वर टेली-मानसला फोन लाव. मनाच्या त्रासासाठीची सरकारी सेवा आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

मावशींना सांग, मेलेलं माणूस स्वप्नात दिसलं तर शुभ, असंही आमच्याकडे म्हणतात. त्यांच्या बोलण्याला तेवढं उत्तर पुरे.

अंगाऱ्यासाठी कुठं जायला नको, तुमच्या देव्हाऱ्यातल्या उदबत्तीची राख चालेल. ते सहा श्लोक मोठ्या अक्षरात लिहून सोबत ठेवलेत, चष्म्याशिवाय वाचता येतील. येत्या शनिवारी मी पुण्याला येतोय, रात्री तुझ्याकडेच राहीन. तू दचकून उठलास तर मला हाक मार, पहिल्यांदा आपण मिळून करू. वहिनींना नमस्कार, छोटीला आशीर्वाद.

तुझा,
जुना शेजारी