पुतळे पुरे झाले, अकिमसाहेब!

प्रति,
माननीय अकिम (प्रांतप्रमुख), अबाय प्रांत,
सेमेय, कझाकस्तान

स.न.वि.वि.

माझी मुलगी आपल्या सेमेयमध्ये डॉक्टरकी शिकते. आमच्या घरात अबाय कुनानबायउली हे नाव तिच्यामुळे आलं. पुतळा त्यांचा, रस्ता त्यांच्या नावाचा आणि 2022 पासून अख्खा प्रांतच त्यांच्या नावाचा. एवढा मान मिळालेला कवी असतो तरी कसा, म्हणून त्यांची 'कारा सोझ', म्हणजे 1890 च्या दशकातली 45 गद्य टिपणं, भाषांतरातून वाचली. आणि चकित झालो, कारण हा माणूस आपल्याच लोकांना, त्यातही कारभाऱ्यांना, फाडून खातो!

त्यांना तो अधिकार होता. वडील कुनानबाय बडे सत्ताधारी. अबाय स्वतःही काही वर्षं व्होलोस्तचे, म्हणजे बऱ्याच वस्त्या मिळून होणाऱ्या विभागाचे, प्रमुख होते. तिसऱ्या टिपणात ते निवडून आलेल्या प्रमुखाच्या तीन वर्षांचा हिशेब मांडतात. पहिलं वर्ष 'आम्हीच तुला निवडलं ना?' हे टोमणे ऐकण्यात, दुसरं पुढच्या प्रतिस्पर्ध्यांशी झुंजण्यात, तिसरं पुन्हा प्रचारात. मग काम कधी? (आमच्याकडे ग्रामपंचायतीचं राजकारण पाहिलेल्या कुणालाही हे नवं नाही.)

हयातीत त्यांचं पुस्तक निघालं नाही. पहिलं निघालं 1909 साली, सेंट पीटर्सबर्गला, ते जाऊन 5 वर्षं झाल्यावर. तोवर लोक हातानं नकला उतरवत. रशियन कवी पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन' या काव्य-कादंबरीतल्या नायिकेचं, तात्यानाचं, प्रेमपत्र त्यांनी कझाकमध्ये आणलं, ते तर गवताळ माळावर गाणं होऊन फिरलं. असं तोंडोतोंडी पोचणं आणि चौथऱ्यावर उभं राहणं यांत फार फरक आहे. वर्धापनदिनाला हार घातला की चौथऱ्यावरचा अबाय कुणाला काही बोलत नाही. कारभाऱ्यांना ते सोयीचंच असावं.

2021 पासून आपल्या देशात गावचे अकिम थेट मतदानानं निवडले जातात. माझी विनंती एवढीच, की आपल्या प्रांतातल्या प्रत्येक नव्या ग्राम-अकिमानं पदभार घेताना गावासमोर उभं राहून हे तिसरं टिपण मोठ्यानं वाचावं. अख्खं, एकही ओळ न गाळता. मुदत संपत आली की पुन्हा एकदा, आणि त्या वेळी गावानं प्रश्न विचारावेत. यासाठी ना निविदा लागते, ना शिल्पकार.

आपण स्वतः थेट मतदानातून आलेला नाहीत, हे मला ठाऊक आहे. तरी पहिलं वाचन आपणच करावं.

आपला,
एका विद्यार्थिनीचा बाप, सोलापूर