बेलोत्तो हा केवळ ‘कानालेत्तोचा भाचा’ नव्हे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

अठराव्या शतकातील इटालियन नगरदृश्यांविषयी मराठीत जे थोडेबहुत छापून येते, त्यात बर्नार्दो बेलोत्तो या चित्रकाराची ओळख बहुधा ‘कानालेत्तोचा भाचा’, म्हणजे व्हेनिसच्या एका प्रसिद्ध दृश्यचित्रकाराचा भाचा, एवढीच असते, आणि दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेले वॉर्सा त्याची चित्रे पाहून जसेच्या तसे उभारले, असे एक वाक्य पुढे जोडलेले असते. यातली पहिली ओळख अपुरी आहे आणि दुसरे विधान अर्धेच खरे आहे.

व्हेनिसमध्ये तो मामाच्याच हाताखाली शिकला आणि मामाचे नाव स्वतःही लावत असे, हे खरे. पोलंडमध्ये तर आजही त्यालाच कानालेत्तो म्हणतात. परंतु १७४७ मध्ये तो जर्मनीतल्या ड्रेस्डेनला, सॅक्सनी राज्याच्या दरबारी गेला आणि मामाच्या चित्रांतल्या उबदार, झगमगत्या उन्हाऐवजी थंड उजेड, गडद हिरवे आणि लांब सावल्या हे त्याचे स्वतःचे विश्व झाले. १७६० मध्ये प्रशियाच्या तोफांनी ड्रेस्डेन भाजून काढले, त्यात त्याचे घरही गेले. पाच वर्षांनी तिथल्या क्रॉइत्सकिर्शे या चर्चचा उरलेला मनोरा कोसळला, तेव्हा उभा चिरल्यासारखा दिसणारा तो अर्धा मनोरा, पायथ्याशी दगडविटांचा ढीग आणि त्यावर मुंग्यांसारखी माणसे त्याने रंगवली. ज्या शहराची श्रीमंती त्याने वर्षानुवर्षे रंगवली होती, त्याचेच भग्नावशेष इतक्या स्थिर हाताने रंगवणे मला त्याच्या साऱ्या कारकिर्दीतले सर्वांत मोठे काम वाटते.

पुढे सेंट पीटर्सबर्गला निघालेला बेलोत्तो वाटेत वॉर्सात थांबला आणि पोलंडचा राजा स्तानिस्वाव आउगुस्त याच्या पदरी राहून १७८० मध्ये तिथेच वारला. तिथल्या दृश्यांपैकी २२ चित्रे आज वॉर्साच्या राजवाड्यात आहेत. १९४४ नंतर वास्तुविशारदांनी ती जरूर वापरली, विशेषतः क्राकोव्स्के प्शेद्‌म्येश्च्ये या राजरस्त्याच्या बाबतीत. मात्र जुन्या चौकातली घरे उभी राहिली ती प्रामुख्याने तिथल्या तंत्रविद्यापीठातील प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी आधीच काढून ठेवलेल्या मोजमापाच्या नकाशांवरून, जे युद्धकाळात जीव धोक्यात घालून लपवले गेले होते. बेलोत्तो कॅमेरा ऑब्स्क्युराचा, म्हणजे समोरचे दृश्य पडद्यावर उमटवणाऱ्या अंधाऱ्या पेटीचा, उपयोग करीत असला, तरी इमारतींची प्रमाणे आणि बारकावे चित्राच्या गरजेप्रमाणे बदलत असे. त्यामुळे त्याचे चित्र म्हणजे छायाचित्र, असे मानल्यास चित्रकार आणि नकाशे जपणारे ते तरुण, या दोघांवरही अन्याय होतो.

आपल्या पुरवणीत कधी या विषयावर लेख आला, तर त्यासोबत वॉर्साच्या दृश्याइतकेच क्रॉइत्सकिर्शेच्या अवशेषांचे चित्रही मोठ्या आकारात छापावे, ही विनंती.

कळावे,
आपला एक नियमित वाचक, सांगली